भाच्याला लुटीच्या केसमध्ये सात वर्षं लागली. एवढ्या कच्च्या पुराव्यावर अपिलात काय मांडायचं?

जुना कारागीर, इंदूर

नमस्कार मंडळी. मी सराफ्यात चाळीस वर्षं फुंकणी-चिमटा घेऊन बसलेला माणूस. सोन्यातलं कळतं, कोर्टातलं काही कळत नाही, म्हणून इथे विचारून राहिलोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

बहिणीचा मुलगा, वय २४, घरोघरी पार्सलं पोचवायचा. २१ नोव्हेंबर २०२२ ला संध्याकाळी पावणेसातला एक बाई भाजी घेऊन घरी चालल्या होत्या. मागून मोटरसायकल आली. मागचा उतरला, चाकू दाखवला, मंगळसूत्र ओढलं आणि दोघं पळाले. बाईंनी रिपोर्टमध्ये लिहून दिलं की दोघांच्या तोंडाला गमछे होते. ३ डिसेंबरला पोलिसांनी भाच्याला उचललं. म्हणे गाडी हाच चालवत होता. मागचा आजतागायत फरार आहे आणि चाकूही मिळालेला नाही.

पुरावा काय, तर तीन गोष्टी. एक, २२ डिसेंबरला जेलमध्ये नायब तहसीलदारांसमोर ओळख परेड झाली, त्यात बाईंनी याच्यावर हात ठेवला. गमछ्यातून कसं ओळखलं, तर डोळ्यांवरून. अटकेच्या दुसऱ्याच दिवशी पेपरात याचा फोटो छापून आला होता, उघड्या तोंडाचा. ते कात्रण माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. दुसरी, कॅमेऱ्याचं फुटेज. त्यात गाडी दिसते, नंबर दिसत नाही. हे जज्जसाहेबांनीही फारसं धरलेलं नाही. तिसरी आणि खरी गोष्ट म्हणजे मंगळसूत्र. ते घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर मलब्याच्या ढिगातून याने स्वतः काढून दिलं असं मेमोरेंडम (पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब) आहे. इंदूर इतक्या वेळा स्वच्छतेत पहिलं आलं तरी त्या प्लॉटवर अख्ख्या गल्लीचा मलबा पडतो, आणि भिंतही नाही. दोन पंचांपैकी एक फितूर झाला. दुसरा चहावाला म्हणाला, सही मी ठाण्यातच केली.

आता माझ्या धंद्यातलं. कोर्टात पाकीट उघडलं त्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. बाईंनी मंगळसूत्र हातात घेतलं आणि म्हणाल्या, हेच माझं. मी लांबून बघितलं, ते अखंड होतं. मणी ओळीने, दोन्ही बाजू सारख्या, हूक जागेवर. रिपोर्टमध्ये बाई म्हणतात की झटक्याने तुटलं आणि थोडे मणी माझ्या मुठीत राहिले. मंडळी, तुटलेलं मंगळसूत्र मलब्यात बारा दिवस पडून आपोआप ओवलं जात नाही. ते ओवायला माझ्यासारखा माणूस लागतो. आणि मुठीतले मणी पोलिसांनी जप्तच केले नाहीत. माझ्यासमोर दोन तुकडे ठेवले असते तर कडी ताणून उघडली की कशाने कापली हे मी भिंगातून पाच मिनिटांत सांगितलं असतं.

जप्तीच्या कागदावर लिहिलंय, ‘एक मंगलसूत्र पीली धातु का, काले मोती, साबुत, वजन लगभग १२ ग्राम’. (पोलिसांच्या कागदावर सोनं कधी सोनं नसतं, पीली धातूच असते. त्यात मला काही वावगं वाटत नाही, कस लावल्याशिवाय मीही सोनं म्हणत नाही.) पण तो ‘साबुत’ शब्द बघा, म्हणजे अखंड. वकिलांचा मुन्शी म्हणतो काका, ते ‘सबूत’ आहे, म्हणजे नुसता पुरावा. झेरॉक्समध्ये काना फिका आहे.

गेल्या महिन्याच्या ११ तारखेला सेशन कोर्टाने ३९२ (लूट) आणि ३९७ (लुटीत हत्यार वापरणं) लावून सात वर्षं दिली. आधी चौदा महिने आत होता, मग जामिनावर होता, आता परत सेंट्रल जेलमध्ये. आमचे वकील म्हणतात, अपिलात फक्त कायद्याची चूक दाखवता येते, पुराव्याला हात लावत नाहीत. शेजारचे म्हणतात, जबलपूरला हायकोर्टात सगळे साक्षीदार पुन्हा बोलावतात. खरं काय?

रामबागकर

काका, वाचून वाईट वाटलं. भिया, आधी जामीन करा, बाकी गोष्टी नंतर. माझ्या मित्राच्या चुलतभावाला असंच अडकवलं होतं, हायकोर्टात दोन तारखांत बाहेर आला. आणि १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय, जुनी कलमं गेली. ३९७ राहिलंच नाही म्हणजे शिक्षा आपोआप रद्द व्हायला पाहिजे, नाही का? हा मुद्दा टाकून बघा.

वकीलबाई, एम. जी. रोड

रामबागकर, तो मुद्दा कृपा करून कोणी टाकू नका. घटना २०२२ ची आहे, म्हणून गुन्हा जुन्या दंडसंहितेप्रमाणेच राहतो. नव्या न्याय संहितेत तेच ३९७ आता ३११ नंबरने बसलंय. बदललंय ते एवढंच की अपील आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ४१५ खाली लिहितात (जुनं ३७४) आणि शिक्षा स्थगितीचा अर्ज ४३० खाली (जुनं ३८९).

काका, तुमच्या दोन्ही सल्लागारांचं चुकलंय. सेशन कोर्टाच्या शिक्षेवरचं पहिलं अपील कायद्यावरही असतं आणि पुराव्यावरही. हायकोर्टाने सगळी साक्ष स्वतः वाचून स्वतःचं मत बनवायचं असतं, खालच्या जज्जांनी विश्वास ठेवला म्हणून आम्हीही ठेवतो असं चालत नाही. सुप्रीम कोर्टाने २००० च्या रिपोर्टातल्या पदम सिंग केसमध्ये हे बजावलंय. साक्षीदार मात्र पुन्हा येत नाहीत. जे लिहून झालंय तेवढ्यावरच भांडायचं. नवा पुरावा घ्यायचा अधिकार अपील कोर्टाला आहे, पण तो क्वचित वापरतात. जबलपूरला जायची गरज नाही, इंदूरचं खंडपीठ १९६८ पासून कायम आहे. मुदत निकालापासून ६० दिवसांची आहे.

तुम्ही मंगळसूत्रात अडकलात आणि सगळ्यात मोठी गोष्ट एका ओळीत सांगून पुढे गेलात. चाकू मागे बसलेल्याच्या हातात होता ना? मग तुमच्या भाच्याला ३९७ लागलंच कसं? हे कलम ज्याने स्वतः हत्यार वापरलं त्याच्यापुरतं आहे. लूट दोघांनी मिळून केली असं धरलं तरी ३९७ ची किमान सात वर्षं साथीदाराच्या गळ्यात घालता येत नाहीत. १९७५ चा फूल कुमार निकाल, २००७ चा दिलावर सिंग, आणि आपल्याच मध्य प्रदेशातला २०२१ चा राम रतन, तिन्ही हेच सांगतात. बाईंची साक्ष शब्द न् शब्द खरी मानली तरी हा मुद्दा उभा राहतो, म्हणून तो अपिलात वर घ्या. ३९७ गेलं की उरतं ३९२. त्यात किमान शिक्षा नाही, आणि चौदा महिने तर भोगून झालेत.

पण तुम्हाला शिक्षा कमी नको, मुलगा निर्दोष सुटायला हवा. मग ओळख पाडावी लागेल. ओळख परेड हा मूळ पुरावा नाही, मूळ पुरावा म्हणजे साक्षीदाराने कोर्टात केलेली ओळख. परेड फक्त तिला टेकू देते. सरकारी वकील २००३ चा मलखानसिंग काढतील, तोही आपल्याकडचाच, की परेडमध्ये खोट निघाली तरी कोर्टातली ओळख विश्वास ठेवण्यासारखी असेल तर पुरते. तुमचं उत्तर असं हवं की अनोळखी माणूस, अंधार, गमछा आणि काही सेकंद, एवढ्यावर टेकूशिवाय ही ओळख उभी राहत नाही, आणि टेकू आधीच किडलेला होता. पेपरात फोटो आला तर परेडची किंमत काय राहते यावर २००७ चा रविचंद्रन निकाल आहे. पण तुमच्या ड्रॉवरमधलं कात्रण कोर्टाच्या फाईलमध्ये नाही, म्हणजे कोर्टाच्या लेखी ते नाहीच. उलटतपासात बाईंना फोटोबद्दल विचारलं होतं का ते बघा. अटकेच्या कागदावर ‘बापर्दा’ ठेवल्याचा उल्लेख आहे का तेही बघा. तोंड झाकून ठेवलं नसेल तर परेडआधी ठाण्यात कोणीही बघितलं असेल.

जप्तीचं. मेमोरेंडममध्ये ‘मैंने और मेरे साथी ने लूटा’ असं काही असेल तर तो भाग वाचायचाच नाही. पोलिसांपुढची कबुली चालत नाही, पुरावा कायद्याचं कलम २७ फक्त माल दाखवण्यापुरतं वाक्य आत घेतं. आणि माल उघड्या जागेत मिळाला तर तो याच्याच ताब्यात होता असं म्हणता येत नाही. यावर सुप्रीम कोर्टाचा १९५४ च्या रिपोर्टातला त्रिंबक विरुद्ध मध्य प्रदेश हा निकाल अजून रोज वापरतो आम्ही. (तेव्हाचा मध्य प्रदेश म्हणजे नागपूर राजधानीचा.) तिथेही दागिने उघड्या शेतातून काढले होते.

आता तुमचा लाडका मुद्दा. ‘तुटलं’ हे फक्त रिपोर्टमध्ये असेल आणि उलटतपासात बाईंसमोर ठेवलं नसेल, तर विसंगती म्हणून वापरता येणार नाही. रिपोर्ट हा स्वतः पुरावा नसतो. बाई कोर्टात शपथेवर काय बोलल्या ते हवं. साक्षीचा परिच्छेद नंबर काढून सांगा.

आणखी एक, वाईट वाटून घेऊ नका. अगदीच नाही जमलं तर पर्याय म्हणून ४११ मांडता येतं, म्हणजे चोरीचा माल जवळ बाळगणं. त्यात जास्तीत जास्त तीन वर्षं आहेत.

जुना कारागीर, इंदूर

ताई, तुम्ही एका बैठकीत जे सांगितलं ते आम्हाला दोन वर्षांत कोणी सांगितलं नाही. चाकूची गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती.

पण ४११ चं नाव काढू नका. सराफ्यात हा आकडा शिवीसारखा आहे. आमच्या गल्लीत पोलीस चोराला घेऊन शिरले की दुकानदार एकमेकांना ‘चारशे अकरा आला’ म्हणून सावध करतात. चाळीस वर्षांत मी पावती पाहिल्याशिवाय जुन्या दागिन्यांची मोड घेतली नाही, आणि माझ्याच भाच्यासाठी तो चोरीचा माल ठेवणारा आहे असं मी म्हणू? लूट केली म्हणा एक वेळ.

रात्री चष्मा लावून बाईंची साक्ष काढली. परिच्छेद ४: मंगळसूत्र ओढल्यावर तुटलं, काही मणी हातात राहिले, काही खाली पडले. हे शपथेवर आहे. परिच्छेद ९, उलटतपास: ‘हे म्हणणं खरं आहे की परेडच्या आधी ठाण्यात मला मोबाइलवर एका मुलाचा फोटो दाखवला होता.’ निकालात या वाक्याबद्दल एक अक्षर नाही. मी तीनदा वाचलं.

अटकेच्या कागदावर बापर्दा शब्द सापडला नाही.

अखंड मंगळसूत्राबद्दल बाईंना काहीही विचारलेलं नाही. मी तेव्हा वकीलसाहेबांना खूण केली होती, त्यांनी हाताने बसा म्हणून सांगितलं. त्यांचंही बरोबर असेल, त्या दिवशी बोर्डावर त्यांच्या पाच केसेस होत्या.

निवृत्त रीडर, ग्वाल्हेर

काकासाहेब, मी कोर्टात रीडर होतो, फायली वाचण्यातच हयात गेली. आमच्या ग्वाल्हेर-चंबळकडे अशा केसेसमध्ये डकैती अधिनियमाचं ११/१३ जोडलेलं असतं आणि विशेष कोर्ट बसतं. तुमच्याकडे ती भानगड नाही, बरंच आहे.

वकीलबाईंनी कायदा सांगितला, मी कागदाचं सांगतो. निकालाची एक प्रत आरोपीला फुकट मिळतेच. बाकीच्या कागदांसाठी नकल विभागात अर्ज टाका. निकालाच्या नकलेला लागलेले दिवस साठ दिवसांतून वजा होतात, पण त्यावर विसंबून बसू नका. लोक इथेच फसतात. ऑर्डरशीटची नकल हमखास मागा, वकीलसुद्धा ती मागायला विसरतात. कुठल्या तारखेला काय झालं ते सगळं तिच्यात असतं.

आता एक प्रश्न विचारतो, रागावू नका. मंगळसूत्र मधल्या काळात सुपुर्दनाम्यावर, म्हणजे केस चालू असताना सांभाळायला, बाईंना परत दिलं होतं का? सौभाग्याचं लेणं आहे, बाया महिनाभरात अर्ज टाकतात आणि कोर्ट देतंही. दिलं असेल तर बाई ते घरी नेऊन ओवून घेणार, गळ्यात घालणार, आणि साक्षीच्या दिवशी काढून कोर्टात आणणार. मग तुम्ही मागच्या बाकावरून जे अखंड बघितलं त्याला काही अर्थ उरत नाही.

रामबागकर

बाप रे. हे खरंच डोक्यात आलं नव्हतं.

वकीलबाई, एम. जी. रोड

रीडरसाहेबांचा प्रश्न नेमका आहे, आणि तो हायकोर्टात जज्जांनी विचारण्याआधी इथे निघाला हे नशीब. काका, ऑर्डरशीट बघाच.

सुपुर्दनामा झाला असेल तरी सगळं संपत नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई या गुजरातच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००२ साली सांगितलंय की दागिने परत देण्याआधी नीट पंचनामा करा आणि फोटो काढून ठेवा. तो फोटो फाईलमध्ये असायला हवा.

परिच्छेद ९ सोन्याहून पिवळा आहे. मोबाइलवर कोणाचा फोटो होता ते वाक्यात नाही आणि सरकारी वकील तिथेच बोट ठेवतील. पण ते स्पष्ट करून घेणं त्यांचं काम होतं, त्यांनी फेरतपासणीत विचारलं नाही. आणि साक्षीतलं असं वाक्य निकालात चर्चेलाच घेतलं नाही, हाच मोठा मुद्दा आहे.

४११ चा हट्ट मी धरत नाही. पण ती आपण मागायची गोष्ट नाही, कोर्ट स्वतःही तिथे जाऊ शकतं. गेलं तरी माल चोरीचा आहे हे याला माहीत होतं, किंवा तसं मानायला याच्याकडे कारण होतं, असं दाखवावं लागतं.

जुना कारागीर, इंदूर

मंगळवारी नकल मिळाली. रीडरसाहेब, तुमच्या तोंडात साखर पडो की काय ते मला कळेना. १७ जानेवारी २०२३ ची ऑर्डरशीट आहे, मंगळसूत्र सुपुर्दनाम्यावर बाईंना दिलं. म्हणजे मी कोर्टात जे बघितलं ते बहुतेक माझ्याच एखाद्या जातभाईने ओवून दिलेलं. दोन वर्षं मी तेवढ्या एका गोष्टीवर झोप घालवली होती. बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

फोटो आहे. पण नकलेत तो काळा डाग आहे नुसता, मणी कुठला आणि सावली कुठली कळत नाही. मोजायला गेलो तर डोळ्यांतून पाणी आलं.

म्हणजे आता उरला जप्तीचा कागद, तो ३ डिसेंबरचा, सुपुर्दनाम्याच्या आधीचा. त्यात ‘साबुत’ असेल तर मंगळसूत्र मलब्यातूनच अखंड निघालं, आणि ‘सबूत’ असेल तर मी म्हातारा उगाच भांडतोय. मूळ कागद बघायला मिळेल का?

निवृत्त रीडर, ग्वाल्हेर

मिळेल. वकिलामार्फत फाईल निरीक्षणाचा अर्ज द्या. रेकॉर्ड हायकोर्टाने मागवून घेण्याआधी जा, नाहीतर फाईल वाटेत अडकते. पेन न्यायचं नाही, पेन्सिल न्या. कागदाला बोट लावताना बाबूला विचारून लावा, माझ्या जातीचे लोक असतात ते.

जुना कारागीर, इंदूर

जाऊन आलो. बाबू भला माणूस होता, माझ्या हातातलं भिंग बघून हसला, पण बघू दिलं.

काना आहे. निळ्या बॉलपेनचा, ओळीच्या घडीवर पडलाय म्हणून झेरॉक्समध्ये उडाला. ‘काले मोती, साबुत’. खाली सही तपास अधिकाऱ्याची आणि दोन पंचांची. मूळ फोटोही बघितला, रंगीत आहे. हूक लागलेलं दिसतं, पण मंगळसूत्र दुमडून ठेवलंय, डावी बाजू खाली गेलीय. फोटोवरून मी शपथ घेणार नाही.

ताई, एक शब्द पुरतो का?

वकीलबाई, एम. जी. रोड

एकटा पुरत नाही, काका. सरकार म्हणेल हवालदाराने ओघात लिहिलं. पण शपथेवरचा परिच्छेद ४, त्याच्या शेजारी हा शब्द, मुठीतले मणी जप्त नाहीत, पंच ठाण्यात सही केल्याचं सांगतो आणि प्लॉट उघडा, हे एका पानावर मांडलं की जप्तीवर विश्वास ठेवायला कोर्टाला कारण शोधावं लागेल. क्रम असा ठेवा: ३९७, मग परिच्छेद ९, मग जप्ती. ‘साबुत’ जप्तीच्या आत येऊ द्या, त्याला मथळा करू नका.

अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा अर्ज लावा. ठरावीक मुदतीची शिक्षा असेल तर स्थगितीकडे उदारपणे बघा, असं १९९९ च्या भगवान रामा शिंदे गोसाई केसमध्ये म्हटलंय, आणि तीही ३९२-३९७ चीच होती. अपील अंतिम सुनावणीला यायला किती वर्षं लागतील मी सांगत नाही, म्हणूनच हा अर्ज महत्त्वाचा. तो जामिनावर असताना एकही तारीख चुकवली नाही हेही अर्जात लिहा. वकिलांची फी जड जात असेल तर हायकोर्टाच्या विधी सेवा समितीत जा. कैदेत असलेल्याला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

जुना कारागीर, इंदूर

फीचं बघतो, ऐरण विकायची वेळ अजून आली नाही. एकही तारीख चुकवलेली नाही, ऑर्डरशीटवर प्रत्येक तारखेला हजर लिहिलंय. मी कालच मोजलं, ३१ तारखा आहेत.

उद्या जेलमध्ये वकालतनाम्यावर सही घ्यायला चाललोय. बहिणीने चकल्या दिल्यात, आत घेतात का बघतो.